सुट्या भागांची मक्तेदारी

संगणक बंद पडला की ग्राहकाला एक ठरीव उत्तर ऐकावे लागते : ‘भाग उपलब्ध नाही.’ हे उत्तर इतक्या निर्विकारपणे दिले जाते, की जणू यंदा पाऊसच पडला नाही, त्याला कोण काय करणार! वस्तुतः सुट्या भागांची टंचाई ही नैसर्गिक आपत्ती नव्हे. साठा कोठे ठेवावा, किती ठेवावा आणि कोणाला विकावा, याविषयी उत्पादकाने हिशेबाने घेतलेल्या निर्णयाचे ते फळ असते.

तो हिशेब असा. सुट्या भागाची मागणी अनिश्चित असते. एखादा मदरबोर्ड एका जिल्ह्यात वर्षातून दोनदा लागेल, कदाचित लागणारही नाही. तो पडून राहिला तर भांडवल अडकते, व्याज चढते आणि नवे मॉडेल आले की त्याचे मोल उतरते. म्हणून कंपनी साठा महानगरातल्या कोठारात ठेवते आणि जुन्या मॉडेलचे भाग मागवणे शक्य तितक्या लवकर थांबवते. तिच्या ताळेबंदात ही बचत ठरते. पण खर्च नाहीसा झाला काय? मुळीच नाही, तो ग्राहकाच्या खांद्यावर सरकला. गोंदियाहून नागपूर सव्वाशे किलोमीटरहून दूर; देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या माणसाला तर आणखीच आडवळण. धानाच्या आधारभूत खरेदीची नोंदणी ऑनलाइन, दाखले ऑनलाइन. केंद्रावरचे यंत्र थांबले की ज्यांचा त्या यंत्राशी काही संबंध नाही अशा शेतकऱ्यांचा दिवस बुडतो. माझ्या परिचयाच्या एका केंद्रचालकाला एका कंपनीने साध्या पॉवर सप्लायसाठी सहा आठवडे ताटकळत ठेवले आणि अखेर नवे यंत्र घेण्याचा सल्ला दिला. त्या सहा आठवड्यांची किंमत कोणाच्या ताळेबंदात लिहायची?

या प्रश्नाला आपल्याकडे इतिहास आहे. १९६०च्या दशकात आय.बी.एम. कंपनीने परदेशात वापरून झालेली १४०१ जातीची यंत्रे मुंबईत डागडुजी करून भारतीय संस्थांना भाड्याने दिली. यंत्र कंपनीचे, भाग कंपनीचे, दुरुस्तीचे ज्ञानही कंपनीचेच. गंमत अशी, की याच कंपनीला अमेरिकेच्या सरकारने १९५६मध्ये मक्तेदारीविरोधी खटल्यातील तडजोडीने यंत्रे विकण्यास आणि स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना सुटे भाग पुरवण्यास बांधून घेतले होते! १९७३च्या परकीय चलन कायद्यानुसार भांडवलाचा वाटा कमी करण्याऐवजी १९७८मध्ये कंपनीने भारत सोडला. तेव्हा उद्योग खाते जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे होते. ही यंत्रे आता कोण सांभाळणार, हा प्रश्न रास्त होता. १९७५मध्ये स्थापन झालेल्या सरकारी सी.एम.सी.ने ती जबाबदारी पत्करली आणि यंत्रे चालू ठेवली. पुढे २००१मध्ये सरकारने सी.एम.सी.तील निर्णायक हिस्सा टाटांना विकला आणि २०१५मध्ये ती टी.सी.एस.मध्ये विलीन झाली.

आज यंत्र आपण विकत घेतो, पावती आपल्या नावाची असते. परंतु भाग कंपनीच्या मुठीत असेल तर ती मालकी नावापुरतीच. किंबहुना भाडेकरूची स्थिती बरी म्हणावी लागेल : भाडे घेणाऱ्याला यंत्र चालू राहण्यात थोडा तरी स्वार्थ असतो, विकणाऱ्याचा स्वार्थ ते लवकर टाकून दिले जाण्यात असतो.

प्रत्येक जिल्ह्यात प्रत्येक भाग ठेवणे परवडत नाही, हा कंपन्यांचा युक्तिवाद मला मान्य आहे. मग भाग खुल्या बाजारात विका! बॅटरी, पंखा, कीबोर्ड, पॉवर सप्लाय हे नेहमी निकामी होणारे भाग गोंदियाच्या बाजारातला लहान दुकानदारही स्वतःच्या जोखमीवर ठेवील. मोटारींच्या बाबतीत स्पर्धा आयोगाने २०१४मध्ये सुटे भाग खुल्या बाजारात न देणाऱ्या १४ कंपन्यांना दंड ठोठावला होता. ते तत्त्व संगणकाला का लागू नये? २०२२मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, संकेतस्थळ उघडले, आणि त्यात सामील होणे कंपन्यांच्या मर्जीवर सोडले. युरोपात मात्र जून २०२५पासून मोबाइल व टॅब्लेटचे प्रमुख भाग, विक्री थांबल्यावरही सात वर्षे, पुरवण्याची सक्ती आहे. आपल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकावर पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकली. म्हणजे प्रेताला वारस मिळाला, आजाऱ्याला वैद्य नाही.

कायदा होईल तेव्हा होवो. तोवर तहसील कार्यालये, जिल्हा परिषद आणि शाळा दरवर्षी जी खरेदी करतात, तिच्या निविदेत एक अट घालावी : सात वर्षे भाग मिळतील, त्यांचे दर आधी जाहीर होतील आणि ते स्थानिक दुरुस्तीवाल्यालाही विकले जातील. गोंदिया जिल्हा परिषदेने आपल्या पुढच्याच निविदेपासून ही सुरुवात करावी.