श्रमदान झाले, आता वही कोण धरणार?



तालुक्यातालुक्यात स्वयंसेवकांची पथके उभी करावीत आणि त्यांनी आपापल्या भागाच्या आर्थिक विकासाचे काम अंगावर घ्यावे, हा विषय आता बहुतेक जिल्हा बैठकांत निघतो. हात वर करणारेही पुष्कळ असतात. पण पथकाने नेमके करायचे काय, असे विचारले की उत्तर एकच येते : श्रमदान. कुदळ, फावडे, घमेले, डोक्याला टोपी आणि शेवटी फोटो.

श्रमदान करणाऱ्यांची टिंगल करण्याचा हेतू नाही. उन्हातान्हात चर खणणाऱ्या माणसाबद्दल आदरच आहे. पण नुसती खणणारी पथके भागाचे अर्थकारण बदलू शकत नाहीत. ज्या ठिकाणी ते बदलले तेथे खणण्याबरोबर आणखी एक काम झाले. कोणीतरी मोजले, मोजलेले वहीत लिहिले आणि लिहिलेले चारचौघांत वाचून दाखवले. पथके उभी करायची तर या कामासाठी करा, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

घामाला दाम

आधी मातीकामाचे पाहू. खणणाऱ्याला मजुरी मिळाली पाहिजे आणि ती भीक म्हणून नव्हे, तर हक्क म्हणून, हा विचार महाराष्ट्रानेच देशाला दिला. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव भागात त्याचा प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात तो राज्यभर कामी आला, १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २००५ मध्ये केंद्राला तसाच कायदा करावा लागला. म्हणजे बांधबंदिस्ती, नालाबांध, पाझर तलाव ही मजुरीची कामे आहेत. कायद्याने ज्याला दाम आहे ते काम फुकट करून घेण्यात विकास कसला?

दुसरी गोष्ट यापेक्षा अवघड आहे. डोंगरउतारावर चर खणायला गावातली सगळी माणसे येतात. पाणी मात्र उतारावर थांबत नाही. ते खाली मुरते आणि ओढ्याकाठच्या विहिरीत उतरते. विहीर कोणाची? ज्याची बागायत आहे त्याची. ज्या भूमिहीन बाईने पाच दिवस घमेली वाहिली तिची पाच दिवसांची मजुरी बुडाली. बागायतदाराने तेवढेच दिवस काम केले असेल, पण त्याची ती भांडवली गुंतवणूक झाली. घाम दोघांचाही सारखा गळला, फळ मात्र सारखे मिळाले नाही. हा हिशेब गावात कोणी मांडत नाही, आणि तो मांडला जात नाही म्हणूनच दुसऱ्या वर्षी श्रमदानाला निम्मी माणसे येतात. मग आपण म्हणतो, लोकांत उत्साह राहिला नाही.

नायगावचे उत्तर

या प्रश्नाला पुरंदर तालुक्यात एकाने सरळ उत्तर दिले होते. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे त्या भागात हिंडले आणि नंतर नायगावला देवस्थानची माळरान जमीन घेऊन कामाला लागले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम थोडे आणि कडक होते. पाणी जमिनीच्या मापाने नव्हे तर माणशी, साधारण अर्ध्या एकराला पुरेल एवढे. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही, म्हणून जमिनीबरोबर तो विकता येत नाही. उसाला पाणी नाही. आणि योजनेच्या खर्चाचा काही भाग लाभार्थींनी स्वतः उचलायचा.

पाणी पंचायत सगळीकडे पसरली नाही, हे खरे आहे. कारणही उघड आहे. ज्याच्याकडे पाणी आहे त्याला हा नियम परवडत नाही. पण खणण्याच्या आधी वाटणी ठरवायची असते, हा धडा तिने घालून दिला. विहिरी भरल्यानंतर वाटणीचा विषय काढणाऱ्याला कोणी उभे करत नाही.

मोजणारे गाव, मोजणारा कालवा

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे नाव सगळ्यांना माहीत आहे. पोपटराव पवार १९८९ च्या सुमारास सरपंच झाले तेव्हापासूनचा तो इतिहास आहे. पाहायला जाणारे तेथली झाडी आणि बांध पाहून येतात. बांध तर इतर गावांतही झाले. हिवरे बाजारने वेगळे केले ते हे : पाऊस मोजला, गावात किती पाणी आहे याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला आणि त्याप्रमाणे पिके ठरवली. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही असे ठरवले आणि ते पाळले.

ताळेबंदाला मोठा शास्त्रज्ञ लागत नाही. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी आले. हजार हेक्टरचे शिवार आणि चारशे मिलिमीटर पाऊस, म्हणजे चारशे कोटी लिटर. यातले उन्हाने किती उडाले, ओढ्याने किती वाहून गेले, किती मुरले याचा अंदाज कृषी खात्याच्या आणि भूजल यंत्रणेच्या माणसांना बरोबर घेऊन बांधता येतो. उरले त्यातून आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे, मग पिकांचे. दहावी झालेली मुलगी हे गणित फळ्यावर करून दाखवील. पण तिला ते करायला बसवणारे आणि तिचे आकडे मानणारे गाव पाहिजे.

नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणाच्या कालव्यावर ओझर आहे, कालव्याच्या शेपटाकडे. तेथे पाणी पोचत नव्हते. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तेथे तीन पाणीवापर संस्था उभ्या केल्या. संस्थांनी सरकारकडून पाणी मोजून घेतले, पट्टी स्वतः वसूल केली, ओढ्यानाल्यांवरच्या बंधाऱ्यांत पाणी सोडून विहिरी जिवंत केल्या. पुढे त्या कालव्यावर अशा चोवीस संस्था झाल्या आणि २००३ मध्ये सगळ्या प्रकल्पाची मिळून शेतकऱ्यांची एक संस्था झाली. सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देण्याचा राज्याचा कायदा त्यानंतर, २००५ मध्ये आला. ओझरच्या कार्यकर्त्यांनी कालवा खणला नाही, तो सरकारने आधीच खणून ठेवला होता. त्यांनी मोजमाप आणले, आणि शेपटाच्या शेतकऱ्याला पाणी मिळाले.

कोट्यवधी रुपये आणि पंचेचाळीस दिवस

आता अलीकडचे पाहू. डिसेंबर २०१४ मध्ये सरकारने जलयुक्त शिवार अभियान आणले. सुमारे साडेनऊ हजार कोटी रुपये खर्च झाले. २०२० मध्ये भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी अहवाल दिला की भूजलाची पातळी वाढण्यावर याचा फारसा परिणाम दिसला नाही. यंत्रे आली, नाले खोल झाले, बिले निघाली. पाणी कोणी किती उपसायचे हे ठरवायला यंत्र लागत नाही, म्हणून ते कोणी ठरवले नाही.

पानी फाउंडेशनने २०१६ मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत वॉटर कप स्पर्धा सुरू केली. पंचेचाळीस दिवस गावेच्या गावे राबली. पहिल्या वर्षी कोरेगाव तालुक्यातले वेळू पहिले आले. पुढे स्पर्धा कितीतरी तालुक्यांत गेली, शहरातली माणसे सुटीच्या दिवशी घमेली उचलायला आली. त्या कामाची थोरवी कमी लेखू नये. गावातल्या मुलामुलींना नकाशा वाचायला आणि उतार मोजायला शिकवले, ही त्यातली सर्वांत टिकाऊ कमाई. पण २०२२ पासून त्याच मंडळींनी गटशेतीची फार्मर कप स्पर्धा सुरू केली. पाणी अडवून काम संपत नाही, शेती एकत्र येऊन आणि हिशेबाने केली पाहिजे, असाच त्याचा अर्थ आम्ही घेतो.

पाणी आले, पैसा का नाही आला?

समजा पाणी आले, वाटणीही नीट झाली. म्हणून पैसा येईल काय? पाणी आलेल्या गावात सगळे मिळून कांदा लावतात किंवा टोमॅटो लावतात. माल एकदम बाजारात जातो आणि भाव बसतो. त्यावर सरकारचा हात असतोच. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर चाळीस टक्के निर्यात शुल्क बसले, ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातच बंद झाली आणि ती मे २०२४ पर्यंत उठली नाही. तीन वर्षे चर खणून शिवारात आणलेली समृद्धी एका कागदाने पुसली जाते. त्या कागदाशी लढणे हे आंदोलनाचे काम आहे आणि ते पथकाच्या घमेल्याने होणार नाही.

पण आंदोलनालाही आकडे लागतात. उत्पादन खर्च किती, हे आपण दिल्लीच्या आयोगाला विचारतो. आपल्या टापूतल्या पन्नास शेतांचा खर्च आपल्याच वहीत का नसावा? बियाणे, खत, औषध, वीज, मजुरी, घरच्या माणसांचे श्रम, जमिनीचा खंड, भांडवलाचे व्याज, सगळे तारीखवार. अशी वही घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला अधिकारी गप्प बसवू शकत नाही.

दुसरे, बाजारातली हिशेबपट्टी. जुलै २०१६ पासून फळे आणि भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याकडून नव्हे तर खरेदीदाराकडून घ्यायची असा नियम आहे. आपल्या गावात आलेल्या पट्ट्या गोळा करा आणि वाचा. अडत वेगळ्या नावाने कापली आहे काय? तोलाई, हमाली नियमाप्रमाणे आहे काय? एकटा शेतकरी पट्टी खिशात घालून घरी येतो. शंभर पट्ट्या एका वहीत चिकटवल्या की त्याचे प्रकरण होते.

तिसरे, विक्रीची संस्था. २००२ च्या कायद्याने दहा उत्पादकांना एकत्र येऊन उत्पादक कंपनी काढता येते. २०२० च्या केंद्रीय योजनेत नव्या संस्थेला कारभार खर्चासाठी तीन वर्षांत अठरा लाखांपर्यंत मदत ठेवली होती. मदतीसाठी काढलेली कंपनी मदतीबरोबर संपते. ज्या कंपनीला स्वतःच्या धंद्यातून हिशेबनीसाचा पगार देता येत नाही ती कंपनी नव्हे, नुसता शिक्का आहे.

गाव नव्हे, टापू

आणखी एक. एक गाव हे या कामाचे माप नव्हे. पाणी गावाची शीव ओळखत नाही. वरच्या गावाने अडवले की खालच्या गावाची विहीर आटते, आणि व्यापारी एका गावासाठी ट्रक लावत नाही. म्हणून पथकाने एक पाणलोट, एका कालव्याची चारी किंवा एका आठवडी बाजाराला माल आणणारी दहा-पंधरा गावे असा टापू धरावा. आदर्श गावे पुष्कळ झाली. एखादा टापू उभा राहिला तर त्याला प्रादेशिक विकास म्हणता येईल.

बैठकीपुढे ठेवायचे ठराव

कोणी म्हणतील, श्रमदानाने माणसे एकत्र येतात, वहीने काय येणार? एकत्र येण्यासाठी श्रमदान जरूर करा. सामाईक जमिनीवर करा, आणि ज्याच्या विहिरीला पाणी येणार त्याने आधी चार दिवस जास्त करावे. पण एकत्र आलेली माणसे एकत्र राहतात ती परस्परांच्या हिशेबावर विश्वास असला तरच. म्हणून पुढील गोष्टी ठरवाव्यात अशी सूचना आहे.

एक : पथकात निम्म्या बाया असाव्यात. निदान एक भूमिहीन आणि एक शेपटाकडचा शेतकरी असावाच. निवडणुकीला उभा राहणारा त्यात नसावा.

दोन : मातीकाम हजेरीपटावर, मजुरी देऊन. पथकाने हजेरीपट तपासावा आणि मजुरी वेळेवर मिळते की नाही ते पाहावे.

तीन : प्रत्येक टापूत एक वही. पहिल्या भागात पाऊस, विहिरींची पातळी आणि उपसा. दुसऱ्या भागात उत्पादन खर्च, विक्री आणि कापलेल्या रकमा. दर तिमाहीला ती ग्रामसभेत मोठ्याने वाचावी.

चार : पाण्याची वाटणी कामाला हात लावण्यापूर्वी लेखी ठरावी.

पाच : पथकाला मुदत असावी, तीन वर्षे. तेवढ्यात शेतकऱ्यांची नोंदलेली, वर्गणीवर चालणारी आणि हिशेब तपासून घेणारी संस्था उभी राहिली नाही, तर पथक फसले असे समजावे आणि तसे बैठकीत सांगावे.

यात तिसरा ठराव सगळ्यांत जड जाणार आहे. वही मोठ्याने वाचली की कोणाची मोटर रात्रभर चालते हे गावाला कळेल, आणि तो कोणी परका नसेल. तो मोर्चात आपल्या शेजारी बसणारा असेल, कदाचित याच बैठकीत पहिल्या रांगेत बसलेला असेल. सरकारकडे घामाचे दाम मागणाऱ्यांनी आपल्या शिवारातला हिशेब झाकून ठेवला, तर सरकारने आपला हिशेब ऐकावा असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही. ज्यांना ही वही उघडी ठेवण्याची तयारी आहे त्यांनीच पथकासाठी नाव द्यावे.