घरचा कॉम्प्युटर : बसवली ८ जीबी, दिसते ४ जीबी



आपल्या वस्तीत मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला कॉम्प्युटर बहुधा जुन्या बाजारातला असतो. कोणी ओव्हरटाइमचे पैसे घातलेले असतात, कोणी भिशी उचललेली असते. तो मंद चालू लागला की नवा घेण्याऐवजी एखादा भाग बदलायचा, हे शहाणपणाचेच आहे. परंतु प्रोसेसर बदलला किंवा रॅमची आणखी एक पट्टी बसवली, आणि ८ जीबीच्या जागी ४ जीबीच दिसू लागली, की घरात सर्वांचा जीव खाली-वर होतो. कुणीतरी सांगतो, "मदरबोर्ड गेला." झाले! महिन्याच्या पगाराला भोक पडते.

बोर्ड खरोखर गेलेला असू शकतो. परंतु ते शेवटचे कारण आहे, पहिले नव्हे. पैसे मोजण्यापूर्वी पुढील तपासणी क्रमाने करा. एका वेळी एकच बदल करावा, आणि काय केले ते वहीत लिहावे.

आधी पाहा, रॅम कुठे हरवली?

कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ ही कळ वारंवार दाबा. बहुतेक बोर्डांवर बायोसचा पडदा उघडतो. तेथे एकूण रॅम लिहिलेली असते. बायोसमध्ये ८ जीबी पूर्ण दिसते आणि विंडोजमध्ये कमी दिसते, तर पट्ट्या ठीक आहेत. विंडोज ३२-बिटची असेल तर ती ४ जीबीच्या पुढे जातच नाही; ६४-बिटची विंडोज टाकावी लागेल. दुसरे, 'एमएसकॉन्फिग' उघडून बूटच्या प्रगत पर्यायांत 'मॅक्झिमम मेमरी'वर खूण असेल तर ती काढा. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर थोडी रॅम चित्रासाठी राखली जाते. तो दोष नव्हे.

बायोसमध्येच कमी दिसते तेव्हा

कॉम्प्युटर बंद करा, वायर भिंतीतून काढा, मग पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच आत हात घाला. दोन्ही पट्ट्या काढा. सोनेरी कडा पेन्सिलीच्या मऊ खोडरबराने हलक्या पुसा आणि चुरा झटका. स्लॉटमधली धूळ ब्रशने काढा. पट्टी बसवताना खाच जुळली पाहिजे आणि क्लिप 'टक्' करून बसली पाहिजे. बऱ्याच वेळा दोष एवढाच असतो की पट्टी एका बाजूने वर राहिलेली असते.

तरी फरक पडला नाही तर अदलाबदल करा. एकाच स्लॉटमध्ये आधी एक पट्टी लावून पाहा, मग दुसरी. जी चालते ती चांगली. आता ती चांगली पट्टी प्रत्येक स्लॉटमध्ये लावून पाहा. एखादी पट्टी कुठेच चालत नसेल तर दोष पट्टीचा. चांगली पट्टी एका स्लॉटमध्ये चालत नसेल तर दोष त्या स्लॉटच्या वाटेवर आहे. ही वाट कुठे जाते ते पाहू.

प्रोसेसर बदलल्यावर रॅम का जाते?

पूर्वी रॅमचा कारभार मदरबोर्डवरची वेगळी चिप पाहत असे. एएमडीने २००३ साली ॲथलॉन ६४ मध्ये आणि इंटेलने २००८ साली पहिल्या कोअर आय-७ मध्ये तो कारभार प्रोसेसरच्या पोटात आणला. तेव्हापासून स्लॉटची वाट थेट प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये जाते. तेथील एक बारीक पिन वाकली किंवा पंख्याचा स्क्रू एकाच बाजूने जास्त आवळला गेला, तरी एका बाजूचे स्लॉट मुके होतात. म्हणून पंख्याचे स्क्रू सैल करून समोरासमोरचे थोडे थोडे सारखे आवळा. तेवढ्याने काम झाले नाही तर प्रोसेसर काढून पिना पाहाव्या लागतात. इंटेलमध्ये त्या सॉकेटमध्ये असतात, एएमडीच्या एएम-४ मध्ये प्रोसेसरलाच असतात. वाकलेली पिन घरी टाचणीने सरळ करू नका. हे काम जाणकाराचे. पंखा काढला की नवी थर्मल पेस्ट लावणे आवश्यक आहे.

यानंतर बायोसचे रीसेट. बोर्डवरचा रुपयासारखा गोल, ३ व्होल्टचा सेल वीज बंद असताना काही मिनिटे काढून परत लावा. तारीख-वेळ पुन्हा भरावी लागेल. डीडीआर-५ असेल तर पहिल्यांदा पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. घाईने बंद करू नका.

नवी पट्टीच चालत नसेल तर

डीडीआर-३, ४ आणि ५ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जोर लावू नका. जुन्या बाजारात फार स्वस्त मिळणारी पट्टी पुष्कळदा सर्व्हरची, म्हणजे 'रजिस्टर्ड' असते. साध्या डेस्कटॉपमध्ये ती चालत नाही. ८ जीबीच्या काही स्वस्त डीडीआर-३ पट्ट्या फक्त एएमडी बोर्डावरच चालतात. शिवाय बोर्डाला मर्यादा असते. जुन्या एच-६१ व एच-८१ बोर्डांची मर्यादा १६ जीबी आहे.

दुकानात जाताना

वहीतली नोंद बरोबर न्या. "ही पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये चालते, या स्लॉटमध्ये चालत नाही," असे सांगितले की समोरचा माणूस बोर्डावर थेट येत नाही. तपासणी आपल्यासमोर करायला सांगा. बदललेला जुना भाग परत मागून घ्या. तो आपल्या पैशाचा आहे. बिलावर पट्टीचा प्रकार, जीबी आणि परतीची मुदत लिहून घ्या. विचारण्यात कमीपणा नाही.

आणि हे काम घरातल्या मुलीच्या हातून करवून घ्या. आई-वडिलांनी शेजारी बसून बॅटरीचा उजेड धरावा. एकदा कॅबिनेट उघडले की तिची भीती जाते, आणि पुढच्या वेळी शेजारच्या घरचा कॉम्प्युटरही तीच पाहून देईल.

पुढील अंकात : हार्ड डिस्क खडखडू लागली तर आधी काय वाचवावे?