खड्डा खणण्याआधी

आज ५ जून, पर्यावरण दिन. मृग दोन-तीन दिवसांवर आला आहे आणि रत्नागिरी जिल्ह्यात रोपांनी भरलेले टेम्पो बाहेर पडले आहेत. ग्रामपंचायत, शाळा, बँक, कारखाना, प्रत्येकाला आज झाड लावायचे आहे आणि फोटोही हवा आहे. जागेचा प्रश्न निघाला की बोट आपसूक सड्याकडे, म्हणजे कातळाच्या उघड्या पठाराकडे जाते. नाहीतरी तिथे काय आहे? कातळ, सुके गवत आणि वारा.

तिथे टिटवी अंड्यांवर बसलेली आहे.

माळटिटवी आणि ताम्रमुखी टिटवी या दोघींच्या विणीचा हंगाम भर उन्हाळ्यात असतो. घरटे म्हणजे जमिनीतला उथळ खळगा, कडेला चार खडे, कधी सुक्या लेंड्या. त्यात बहुधा चार अंडी, मातकट रंगाची आणि काळ्या ठिपक्यांची. जांभ्याच्या खडीत ती अशी मिसळून जातात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. जवळपास चार आठवडे नर-मादी आळीपाळीने बसतात. पण वैशाखातल्या तापल्या कातळावर अंडी उबवण्यापेक्षा ती शिजू न देणे हेच मोठे काम. पक्षी नुसता सावली धरून उभा राहतो, किंवा जिथे कुठे डबके उरले असेल तिथे जाऊन पोटाची पिसे भिजवून परत येतो. गवताच्या बुडख्याशी घरटे करणारा मलबारी चंडोल, आणि घरट्याचा व्यापच न करता उघड्या जमिनीवर दोन अंडी टाकणारा रातवा, हेही याच वस्तीतले.

या पक्ष्यांना झाड नको असते. टिटवीची तर सारी मदार लांबवर दिसण्यावर आहे. कुत्रा, मुंगूस किंवा माणूस दुरूनच दिसला पाहिजे, म्हणजे अंड्यांवरून गुपचूप उठून, भलतीकडे जाऊन आरडाओरडा करता येतो. सड्यावर ओळीने झाडे उभी राहिली की ही नजर अडते आणि कावळ्याला टेहळणीसाठी आयती फांदी मिळते. पर्यावरण म्हणजे हिरवळ, हे समीकरण आपण शाळेच्या भिंतीवर रंगवून ठेवले आहे. कोकणच्या सड्यावर ते चुकते.

सडा मोडला तो काही वृक्षारोपणाने नव्हे, हेही सांगितले पाहिजे. १९९० नंतर रोजगार हमीच्या जोडीने फळबाग लागवड आली आणि वरकस जमिनीवर कलमे उभी राहिली. त्यातून घरोघरी पैसा आला; हापूस-काजूवर मुलांची शिक्षणे झाली. त्या बागायतदाराला पक्ष्यांच्या नावाने बोल लावणे हा शहरी शहाणपणा झाला. पुढे यंत्रे आली, कातळ फोडून त्यात माती भरणे सोपे झाले. चिरेखाणींनी उरलेले कुरतडले. दरवर्षी फाल्गुनापासून लागणारे वणवे वेगळेच. त्या आगीत बागायतदाराची कलमेही होरपळतात, म्हणजे इथे तरी टिटवीचे आणि त्याचे दुःख एकच आहे.

पूर्वी शेतकऱ्याला हे घरटे ठाऊक असायचे. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस दांडगा, खोलगट जागी घातली तर बेताचा, असा आडाखा होता. हवामान खाते त्यावर अंदाज देणार नाही, आणि देऊही नये. पण आडाखा बांधायला आधी घरटे बघावे लागे, आणि बघितलेल्या घरट्यावर कोणी नांगर घालत नसे. आज यंत्र चालवणारा बाहेरगावचा, ठेका तासावर. त्याने कुठे आणि कधी बघायचे?

जमिनीवरची अंडी जपण्यात हा जिल्हा अडाणी नाही. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्गमित्र आणि ग्रामस्थांनी ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. एकेकाळी जिथे अंडी खणून नेली जात, तिथे आज पिल्ले समुद्रात जाताना बघायला मुंबई-पुण्याहून लोक येतात. टिटवीच्या वाट्याला असा महोत्सव येण्याची शक्यता कमीच. शिवाय तिची अंडी उचलून कुंपणात नेता येत नाहीत. ती जिथे आहेत तिथेच राहू द्यावी लागतात. हॉलंडमध्ये कुरणातल्या टिटवीच्या घरट्याशेजारी काठी रोवतात आणि गवत कापणारे यंत्र त्याला वळसा घालून जाते. इंग्लंडमध्ये चंडोलाच्या भाऊबंदांसाठी गव्हाच्या शेतात चार मीटर लांबी-रुंदीचे तुकडे न पेरता सोडतात आणि त्यासाठी शेतकऱ्याला सरकारी पैसे मिळतात. काठी आपल्याकडेही आहे. पैशांचे मात्र सरकारने बघावे. झाड लावायला अनुदान आहे, सडा मोकळा ठेवायला काही नाही.

कायद्याचे म्हणाल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे आणि घरटी विस्कटणे धरले आहे. पण सड्यावर पोकलेन चढवणाऱ्याला आजवर हे कोणी वाचून दाखवलेले नाही. ते काम ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीचे. गावच्या लोक जैवविविधता नोंदवहीत आंबा-फणसाच्या जाती भरल्या असतील, तर सड्यावर कुठे कोण अंडी घालते याचेही एक पान त्यात घालता येईल. गुराख्यांना विचारले तरी ते निम्मे भरेल.

आजच्या कार्यक्रमांपुरते एवढेच: रोपे घरामागे, रस्त्याकडेला, पऱ्याच्या काठाने, बोडक्या झालेल्या उतारावर लावा. आंबा, फणस, वड, काय हवे ते लावा. सपाट कातळ सोडा. ज्यांची स्वतःची जमीन सड्यावरच आहे आणि ज्यांना कलमे लावायचीच आहेत, त्यांनी पुढच्या वर्षीचे खड्डे चैत्र-वैशाखाऐवजी मार्गशीर्ष-पौषात काढून घ्यावेत, आणि आज काम काढलेच असेल तर यंत्र सुरू करण्याआधी एकदा जागेवरून चालत फिरून यावे. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली तर तेवढा कोपरा पिल्ले बाहेर पडेपर्यंत तसाच ठेवावा. अंड्यातून निघाल्यावर ती काही तासांतच चालू लागतात.