एक मत, सात आमदार

3 मे 2025 रोजी टास्मानिया राज्यातल्या लायन्स मतदारसंघाच्या मतदारांनी ऑस्ट्रेलियाच्या संसदेवर एक खासदार पाठवला: मजूर पक्षाच्या रिबेका व्हाइट. अडीच महिन्यांनी, 19 जुलैला, त्याच सीमेतल्या त्याच मतदारांनी टास्मानियाच्या विधानसभेसाठी मतदान केलं. यावेळी तीन लिबरल, दोन मजूर, एक ग्रीन आणि एक ‘शूटर्स, फिशर्स, फार्मर्स’ पक्षाचा असे सात आमदार निवडून आले.  एकाऐवजी चार पक्षांना जागा मिळाल्या, त्या मोजण्याच्या पद्धतीमुळे.

मी मूळचा मिरजेचा. टास्मानियात पीक सल्लागार म्हणून काम करतो, त्यामुळे लायन्सचे रस्ते चांगलेच पाठ झाले आहेत. कॅम्पबेल टाउनच्या बाजूला मेंढ्यांची कुरणं आणि औषधी अफूची रानं, डर्वेंट खोऱ्यात बुशी पार्कला हॉप्सचे उंच मांडव, पूर्व किनाऱ्यावर स्वान्सीजवळ द्राक्षमळे. हा एक मतदारसंघ 35 हजार चौरस किलोमीटरहून मोठा, म्हणजे सांगली जिल्ह्याच्या चौपट आहे, पण मतदार 80 हजारांच्या घरात. मोठं शहर एकही नाही. एवढ्या पसरलेल्या मुलखाला एकच आमदार दिला तर तो कुणाचा म्हणायचा? राजधानी होबार्टच्या वेशीवर वाढणाऱ्या ब्रायटन-सोरेलचा, की पठारावरच्या बॉथवेलचा?

टास्मानियाने याचं उत्तर शतकापूर्वीच काढलं. इथल्या पद्धतीला हेअर-क्लार्क म्हणतात. 1897 मध्ये होबार्ट आणि लॉन्सेस्टनमध्ये तिचा प्रयोग झाला आणि 1909 पासून ती राज्यभर लागू झाली. पाच मतदारसंघ, प्रत्येकी सात आमदार. मतदाराला मत एकच, पण त्याने उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा, किमान सात जणांना. एकूण वैध मतांच्या आठव्या हिश्श्याहून एक मत जास्त मिळालं की कोटा पूर्ण. निवडून आलेल्याची वरची मतं पुढच्या पसंतीकडे सरकतात, तळाचा उमेदवार बाद झाला की त्याचीही. पक्षाच्या रकान्यातल्या नावांचा क्रम मतपत्रिकेगणिक फिरता असतो, त्यामुळे ‘आमचा नंबर एक’ कोण हे पक्षाला ठरवता येत नाही. मतदानाच्या दिवशी प्रचारपत्रकं वाटायलाही बंदी आहे.

माझ्या ओळखीचा एक मेंढ्यांचा शेतकरी आहे. निवडणुकीच्या आठवड्यात त्याच्या स्वयंपाकघरात आम्ही चहा घेत होतो. त्याने पहिली पसंती शूटर्सच्या उमेदवाराला ठरवली होती, कारण हरणं रात्रीत कुरण साफ करतात आणि त्यांच्या शिकारीचे नियम त्याला जाचक वाटतात. मुलगी ग्रीन. जंगलतोडीवरून बापलेकीचं असं जुंपलं, की माझा चहा गार झाला. निकालानंतर दोघंही खूश होती, कारण दोघांचाही माणूस होबार्टला गेला होता. लोकसभेसारखी एकच जागा असती तर दोघांचीही पहिली पसंती वाया गेली असती.

अर्थात, जागा किती यावर सगळं अवलंबून असतं. 1998 मध्ये दोन्ही मोठ्या पक्षांनी मिळून आमदार 35 वरून 25 वर आणले, म्हणजे मतदारसंघात सातऐवजी पाच. कोटा साडेबारा टक्क्यांवरून जवळपास सतरा टक्क्यांवर गेला. ग्रीन पक्षाची मतं किरकोळ घटली, जागा मात्र चारवरून एकवर आल्या. काटकसरीच्या नावाखाली लहान पक्षाचा काटा काढला गेला. सातची संख्या परत यायला 2024 उजाडलं.

पद्धत निर्दोष आहे असं नाही. सात जण असले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. मतं जिथे दाट तिथेच उमेदवार घुटमळतात. आणि कुणालाच बहुमत मिळालं नाही की सरकार डळमळतं. मार्च 2024 नंतर सोळा महिन्यांत इथे पुन्हा निवडणूक घ्यावी लागली. तरीही मला हा तोटा परवडतो. पाडलेल्या सरकारची पुन्हा निवडणूक घेता येते, पण ज्याचं मत कुठेच पोहोचत नाही त्याची तक्रार नोंदवायलाही जागा नसते.

मिरजेतल्या दादाला मी हे कौतुकाने सांगितलं. तो म्हणाला, “त्यात काय नवल? आमच्याही प्रभागात चार नगरसेवक आहेत.” आहेत खरे, पण मत देण्याची रीत वेगळी. मुंबई सोडली तर आपल्या बहुतेक महापालिकांत अ, ब, क, ड अशा चार जागांची चार स्वतंत्र मतं द्यायची असतात. प्रत्येक जागेवर ज्याची मतं जास्त तो विजयी, म्हणजे चाळीस टक्क्यांचं पॅनल चारही जागा खिशात घालू शकतं. शिवाय 2002 मध्ये तीन, 2007 मध्ये एक, 2012 मध्ये दोन, 2017 मध्ये चार, असा प्रभागाचा आकार सत्तेच्या सोयीने बदलत आला. सात आमदारांमुळे होणारी टोलवाटोलवी आपल्याकडेही आहेच, फक्त विरोधी मताला वाटा नाही.

पसंतीक्रम आपल्याला नवा नाही. राज्यसभा आणि विधान परिषदेच्या निवडणुकीत आमदार हेच करतात. कोटा किती आणि दुसऱ्या पसंतीची मतं कुणाची, याची गणितं वर्तमानपत्रं रात्रभर मांडतात. पदवीधर आणि शिक्षक मतदारही आकडे लिहूनच मत देतात. मग प्रभागातल्या मतदारालाच ते झेपणार नाही, हे कुणी ठरवलं? अडचण आहे ती आरक्षणाची, आणि ती खरी आहे. पण राखीव जागा भरेपर्यंत त्या प्रवर्गातल्या आवश्यक तेवढ्या उमेदवारांना बाद करायचं नाही, असा नियम मोजणीत घालता येतो.

प्रभागात चार जागा ठेवायच्याच असतील तर मतदाराला एक मत आणि पसंतीक्रम द्या. ते नको असेल तर सरळ एका जागेचा वॉर्ड करा. निदान गटार तुंबल्यावर कुणाचं दार वाजवायचं ते तरी कळेल.