कॉर्नेलला कवी म्हणू नका

जोसेफ कॉर्नेल (१९०३–१९७२) या अमेरिकी कलावंताच्या काचबंद पेट्यांविषयी साहित्यातली मंडळी लिहू लागली, की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात त्याला ‘कवी’ ठरवून मोकळी होतात. हा गौरव वाटतो. माझ्या मते ती सभ्य शब्दांतली हकालपट्टी आहे.

१९३६ची ‘सोप बबल सेट’ ही पेटी घ्या. तीत चंद्राचा छापील नकाशा आहे, मातीचा पाइप, पेल्यात ठेवलेले अंडे, बाहुलीचे डोके. आपल्या वर्गात तिचे काय होते? अंडे म्हणजे जन्म, पाइप म्हणजे फुग्याची क्षणभंगुरता, बाहुली म्हणजे हरवलेले बालपण. दहा मिनिटांत अर्थ लागतो आणि पेटी उरत नाही. (मीही हे पाप केले आहे.) या वाचनाला समोर अंडे असण्याचीही गरज नसते, ‘अंडे’ हा शब्द पुरतो. मग त्याने ते ठेवले कशाला?

सापडलेल्या आणि हाताने घडवलेल्या वस्तूंची जुळणी, म्हणजे असेंब्लाज, आपल्याला अवघड जाते ती इथेच. कॉर्नेल मॅनहॅटनच्या जुन्या पुस्तकांच्या नि किरकोळ मालाच्या दुकानांत वस्तू वेचत हिंडे, हे सर्वांना ठाऊक असते, कारण त्यात भटक्या कवीची प्रतिमा फुकटात मिळते. पण क्वीन्समधल्या घराच्या तळघरात तो सुतारकाम करी, आणि ते एका शेजाऱ्याकडून शिकला होता, हे कोण सांगतो? पेटीवर रंगाचे थर चढवायचे, ती उन्हापावसात ठेवायची, प्रसंगी ओव्हनमध्ये भाजायची, म्हणजे ती जुनी दिसते. तिचे जुनेपण पुष्कळदा सापडलेले नसून केलेले आहे. ‘स्मरणरंजन’ हा शब्द सढळ हाताने वापरणाऱ्या किती लेखांत हा ओव्हन येतो?

चार्ल्स सिमिकने १९९२मध्ये कॉर्नेलवर ‘डाइम-स्टोअर अल्केमी’ हे पुस्तक लिहिले. त्याच्याविषयी तक्रार नाही. पेट्या पाहून त्याने आपले स्वतःचे गद्य रचले, त्यांचा उलगडा केल्याचा आव आणला नाही. तक्रार आहे ती वस्तूला संहिता समजून तिचा भावार्थ लिहिणाऱ्यांविषयी.

वस्तूंना अर्थच नसतो, असे मी म्हणत नाही. पण तो वजन, आकार, अंतर, काच यांच्यामधून येतो, त्यांना वगळून नव्हे. कॉर्नेलच्या काही पेट्यांत रंगीत वाळू सरकते, काहींत चेंडू घरंगळतो. हातात धरून हलवल्याशिवाय त्या पुऱ्या होत नाहीत. संग्रहालये त्या हलवू देत नाहीत. त्यांना निदान मोडतोडीची भीती असते.