वृद्धांची शुश्रूषा : प्रश्न संस्कारांचा की मोलाचा?

वैद्यकीय आणि परिचर्या महाविद्यालयांतील तरुणांना वृद्धांच्या शुश्रूषेची गोडी नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. तिच्यावरचा ठरलेला उतारा म्हणजे संस्कारांचा उपदेश. हे निदानच आम्हांला मान्य नाही. आजीच्या मांडीवर वाढलेला मुलगा आजीच्याच वयाच्या रुग्णाला ‘खाट अडवणारा’ समजू लागतो, तेव्हा दोष घरापेक्षा शिक्षणात आणि त्यामागील अर्थव्यवस्थेत शोधला पाहिजे.

विद्यार्थ्याला वृद्ध माणूस भेटतो तो बहुधा रुग्णालयात, अंथरुणाला खिळलेला. सत्तरीतही शेतात खुरपणारी बाई त्याच्या अभ्यासक्रमात येत नाही. शिवाय रोग बरा होणे म्हणजेच यश, असे त्याच्या मनावर ठसवलेले असते. उतारवयातील मधुमेह, सांधेदुखी, स्मृतिभ्रंश हे नाहीसे होत नाहीत. ते सांभाळावे लागतात. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयाने १९९६ साली वार्धक्यवैद्यकाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. तरीही बहुसंख्य महाविद्यालयांत या विषयाला आज स्वतंत्र विभाग नाही.

दुसरे कारण रोकडे आहे. खाजगी महाविद्यालयात लाखो रुपये मोजलेला विद्यार्थी ते वसूल होतील अशाच शाखेकडे वळणार. वृद्धाचे म्हणणे ऐकून घेणे, त्याच्या औषधांतील अनावश्यक गोळ्या कमी करणे, त्याला पुन्हा चार पावले चालते करणे, या कामाला वेळ लागतो. आणि वेळेला रुग्णालयाच्या बिलात भाव नाही. हे काम जिच्या अंगावर पडते ती परिचारिका अनेकदा कंत्राटी असते, आणि घरी तेच काम सून किंवा लेक विनामूल्य करते. समाज ज्या श्रमाला मोल देत नाही, त्याविषयी तरुणांनी तेवढा आदर बाळगावा, ही अपेक्षा दांभिक आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढचे लोक दहा कोटींहून अधिक होते. त्यांतील बहुतेकांनी आयुष्यभर असंघटित क्षेत्रात घाम गाळला. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांच्या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा ऐंशी वर्षांपर्यंत दरमहा २०० रुपये आहे! राज्यकर्तेच वृद्धांची किंमत अशी ठरवीत असतील, तर विद्यार्थ्यांनाच तेवढे का दोषी धरावे?

२०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने विद्यार्थ्यांसाठी कुटुंब दत्तक योजना आणली. तिच्यात घरातील वृद्धांशी सलग संबंध अनिवार्य करावा, परिचारिकांची पदे कायम व्हावीत आणि निवृत्तिवेतन जगण्यापुरते असावे, या मागण्या कार्यकर्त्यांनी एकत्र मांडल्या पाहिजेत. शुश्रूषेला प्रतिष्ठा मिळेल ती तिच्या श्रमांना दाम मिळाल्यावरच.