झाड पडण्याआधी

पावसाळा तोंडावर आला की नवी मुंबईत करवती सुरू होतात. फांद्या उतरवल्या की झाड सुरक्षित, हा समज घातक आहे. एकाच बाजूने छाटलेल्या झाडाचा तोल उलट बिघडतो. मे २०२१ च्या तौक्ते वादळात वरून हिरवीगार दिसणारी झाडेही मुळासकट आडवी झाली.

सिडकोच्या या शहरात रस्त्याकडेला गुलमोहर, सोनमोहर यांसारखी झटपट वाढणारी झाडे पुष्कळ आहेत. गुलमोहराची मुळे उथळ, लाकूड ठिसूळ. खोड पोकळ झाले म्हणून झाड लगेच कोसळत नाही. जर्मन संशोधक क्लाउस मॅथेक यांचा ठोकताळा असा, की भोवतीच्या धडधाकट लाकडाची जाडी त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांशाखाली गेली की धोका वाढतो. ती जाडी ध्वनिलहरींनी मोजता येते. लाकडी हातोड्याचा ठोकाही जाणत्या कानाला बरेच सांगतो.

मुळांचे मात्र कोण पाहणार? केबलच्या चरात ती तुटतात, पेव्हर ब्लॉकखाली गुदमरतात. खोडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात बजावले होते. राज्याच्या १९७५ च्या कायद्यानुसार दर पाच वर्षांनी वृक्षगणना होते. तिच्यात प्रत्येक झाडाच्या खोडाची आणि मुळांची प्रकृती नोंदवा. महापालिकेने शाळा आणि बसथांब्यांजवळच्या झाडांपासून ही तपासणी सुरू करावी, पहिल्या सरीच्या आत.